बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट

मंठा,
१० डिसेंबर २००२

प्रिय सलमा,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटलं असेल, कुण्या दुसरीतिसरीतल्या पोराने पत्ता टाकलाय. तो मीच टाकलाय, तुझ्या बेबीने. वडीगोद्रीच्या शाळेत सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस दर वर्षी मला मिळायचं आणि ‘अक्षर चांगलं अन् उत्तर चूक’ म्हणून तू मला चिडवायचीस. आता अक्षरही गेलं, उत्तराचं पुढे सांगते. ओळी उजवीकडे खाली घसरतात, वेलांटी कुठल्या बाजूची ते लिहिताना थांबून आठवावं लागतं, एखादा शब्द दोनदा उतरतो. खाडाखोड दिसली तर हसू नकोस. किंवा हस बाई, तू हसलीस तर मला बरंच वाटेल.

आडून आडून सांगायची मला सवय नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. माझ्या डोक्यात गाठ आहे. डाव्या बाजूला, कानाच्या वर, थोडी मागे. औरंगाबादला फोटो काढला तर लिंबाएवढी पांढरी दिसली. साधी आहे, कॅन्सरची नाही म्हणतात, पण काढल्याशिवाय गत्यंतर नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. आणि सलमा, मी फार घाबरले आहे. शाळेतल्या बायका येऊन ‘धीर धरा मॅडम’ म्हणतात, मी मान हलवते, चहा करते, आणि त्या गेल्या की न्हाणीत जाऊन कडी लावून नुसती उभी राहते. मरणाची भीती आहेच, नाही कशाला म्हणू? पण तिच्याहून मोठी दुसरी एक भीती आहे आणि ती इथं कुणाला सांगून कळत नाही. तुला कळेल. परभणीचा तुझा फोन नंबर तुझ्या भावाकडून कधीच मिळवला होता, पण हे काम फोनवर होणारं नाही. का, ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तू सरळपणे वाचायची नाहीस.

तुला आपला पत्रा आठवतो का? फाट्यावरचं तुझ्या अब्बांचं पंक्चरचं दुकान आणि त्याच्या मागची ती पत्र्याची भिंत. आपण आठवीत होतो, म्हणजे १९८१ साल. शाळा सुटली की तू दुकानावर यायचीस आणि मी तुझ्या मागे. तुझे अब्बा, माझे निजामोद्दीनचाचा, ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून धरायचे, बुडबुडा निघाला की तिथं खूण करायचे. त्यावरून तू भाजकाला पंक्चर म्हणायला लागलीस. रस्त्यावरून ट्रक आला की त्याच्या पाटीवरचा आकडा वाचायचा आणि ट्रक वळणाआड जायच्या आत त्याला भाग घालायचा, हा आपला खेळ. ‘एकेचाळीसशे एकोणनव्वद! तीन न्हाई, सात न्हाई, मंग पंक्चर कुठंय, सांग जल्दी!’ ट्रक पार दिसेनासा झाल्यावर मी म्हणायचे, एकोणसाठ. तू म्हणायचीस, ‘अन् एकाहत्तर. पण गाडी गेली ना.’ एखादा आकडा कशानेच भागला नाही, मूळसंख्या निघाली, की तू टाळी वाजवायचीस आणि म्हणायचीस, बिनपंक्चरची गाडी, जाऊ दे सोलापूरला. जाणारे येणारे ड्रायव्हर या पोरी कशाला नाचतात म्हणून बघत राहायचे.

चार आकड्यांचा तुलाच आधी कंटाळा आला. दिवाळीची सुटी लागली होती. ‘आता बडी पाह्यजे’ म्हणालीस आणि पत्र्यावर खडूने ओळीने लिहिलंस, १२३४५६७. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट. इतकी साधी दिसणारी संख्या, शाळेत जायला निघालेल्या पोरांसारखी एकामागे एक चाललेली, आणि तिला पंक्चर आहे की नाही हे आपल्याला माहीत नाही, याचा मला तेव्हा केवढा राग आला होता. अंकांची बेरीज अठ्ठावीस, म्हणजे तीन बाद. साताने भागलं, बाकी पाच. अकराने बाकी चार. तेराने नऊ. पहिल्यांदा आपण गाढवासारखं पंधराने आणि एकवीसनेही भागत बसलो. मग तू कपाळावर हात मारून घेतलास. ‘तीन जिथं घुसला न्हाई तिथं पंधरा कसा घुसंल ग?’ तिथून पुढे फक्त मूळसंख्या घ्यायच्या असं ठरलं. आणि जायचं कुठवर? अकराशे अकराचा वर्ग १२३४३२१, आपल्या संख्येच्या जरासा अलीकडे. तिथवर काही सापडलं नाही तर पुढे सापडणारच नाही.

माझे बाबा अधूनमधून डोकावायचे. पुंजाराम मापाडी, आठवड्याच्या बाजारात सगळ्यांचं धान्य त्यांच्याच हाताने मोजलं जायचं. त्यांची मोजायची रीत तुला पाठ होती. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. पहिल्याच मापाला एक म्हटलं की बरकत जाते. आपणही त्यांच्या नादाने किती मूळसंख्या झाल्या ते तसंच मोजायचो, लाभ, दोन, तीन. चाचा म्हणायचे, बेटी, तुम्ही तर मापाड्याहून मापाडी झालात.

एकशे तेरापर्यंत काही निघालं नाही. माझे हात खडूने भरले होते, पोटात कावळे ओरडत होते. मी म्हणाले, बिनपंक्चरची आहे ही, चल घरी. तू म्हणालीस, अजून एकच. एकशे सत्तावीस. आणि बाकी शून्य! तू परत भागलंस, मग मी भागलं, मग तू माझं तपासलंस. एकशे सत्तावीस गुणिले ९७२१. नऊ हजार सातशे एकवीस. तू अशी किंचाळलीस की चाचा हातातली कांब टाकून धावत आले, त्यांना वाटलं पत्र्यामागे साप निघाला. पुढचे चार दिवस आपण ९७२१ च्या मागे लागलो, पण ती मात्र खरंच बिनपंक्चरची निघाली. त्या दिवाळीत मी काय खाल्लं, कोणता फ्रॉक घातला, काही आठवत नाही. हे आठवतं.

तुला हसू येईल, पण मी गणिताची शिक्षिका झाले ती त्या पत्र्यामुळे. इथं मंठ्यात बारा वर्षं शिकवते आहे आणि दर जूनमध्ये नव्या वर्गाला पहिल्या दिवशी हीच संख्या देते. आठाने गुणा आणि सात मिळवा म्हणते. पोरं माना खाली घालून गुणतात आणि एकेक जण डोकं वर काढतो, ९८७६५४३. चढत गेलेली पोरं माघारी उतरली! मग नवाने गुणून आठ मिळवायला लावते, सगळे एक्केच, ११११११११. संख्या उलटी लिहून तिच्यातच मिळवली तर ८८८८८८८. आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे, उलटी केलेली ७६५४३२१ हिला एकोणीसने निःशेष भाग जातो, पण सरळ चालताना ती एकोणीसला दाद देत नाही, बाकी चार ठेवते. वर्गातलं सगळ्यात झोपाळू पोरगंही त्या तासाला जागं असतं. लोकांना देव, गुरू, माहेर असतं ना आधाराला, तशी मला ही संख्या आहे. रोज सकाळी गॅस पेटवताना मी तिचं सगळं एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून घेते. सासूबाईंना वाटायचं, सून स्तोत्र म्हणते. मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

यंदा श्रावणात सुरुवात झाली. आठवीच्या वर्गात फळ्यावर साधा गुणाकार करत होते. हातचे तीन म्हणाले आणि थांबले. हातचा कुठं मिळवायचा हे विसरले असं नव्हे, तसं तर कुणाचंही होतं. हातचा म्हणजे काय, हेच मला त्या क्षणी कळेना. शब्द ओळखीचा आणि आत काही नाही. पाण्याचा पेला उचलावा आणि तो रिकामा असावा, तसं झालं. पोरांना म्हणाले, पुढचं तुम्ही करा. नंतर एकदा ४३८२ लिहायचं होतं, मी ४८३२ लिहिलं. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, आकड्यांची अदलाबदल झाली.’ मी फळ्याकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं. मला दोन्ही सारखेच दिसत होते, सलमा. मी म्हणाले, शाब्बास, तुमचं लक्ष आहे का तेच बघत होते. वर्ग हसला. मी फळ्याकडे तोंड करून उगाच पुसत राहिले. पुढे पुढे परतूरची म्हणून जिंतूरच्या गाडीत बसले, डावी चप्पल उजव्या पायात घालून शाळेत गेले. मला चष्मा लागला असेल म्हणून जालन्याला डोळे तपासून आले. डोळे अगदी ठणठणीत होते, म्हणून पुढे औरंगाबाद गाठलं.

औरंगाबादचे डॉक्टर पुण्याकडचे, पोरसवदा पण शहाणे. त्यांनी मला समोर बसवून परीक्षा घेतली. बारा वर्षं मी परीक्षा घेतल्या, आता कळलं समोर बसणाऱ्याच्या तोंडाला कोरड कशी पडते. अनामिका दाखवा म्हणाले, मी मधलं बोट पुढे केलं. रामकिसनराव, आमचे मालक, शेजारी बसले होते, त्यांनी खाली मान घातली. मग शंभरातून सात वजा करत जा म्हणाले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट, मी दोनपर्यंत घडाघडा उतरले. डॉक्टर खूश झाले. पण ते मी दर वर्षी पोरांकडून म्हणून घेते, ते मला पाठ आहे. पाढा म्हणणं वेगळं आणि गणित करणं वेगळं, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? मी गप्प बसले. कारण मलाही वाटत होतं, पास व्हावं.

मग त्यांनी टेबलावर गोळ्यांची मूठ ओतली आणि मोजायला सांगितल्या. मी पहिली गोळी अलीकडे ओढली आणि तोंडातून गेलं, लाभ. मग दोन, तीन, चार, शेवटपर्यंत बरोबर मोजलं. डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी विचारलं, पहिल्या गोळीला काय म्हणालात? मी म्हणाले, लाभ. त्यांनी काहीतरी लिहिलं. रामकिसनराव खुर्चीत पुढे सरकले, म्हणाले, ‘साहेब, आमच्याकडं तसंच मोजत्यात. हिचे वडील मापाडी व्हते. बिलकुल बराबर हाय ते.’ डॉक्टर हसले, चांगली पद्धत आहे म्हणाले आणि लिहिलेलं खोडलं. बाहेर आल्यावर रामकिसनरावांना वाटलं, त्यांनी मला वाचवलं. त्यांनी मला उसाचा रस पाजला.

पण सलमा, मी पत्रा सोडल्यापासून कधीच लाभ म्हणून मोजलेलं नाही. वर्गात नाही, घरात नाही, रामकिसनरावांच्या दुकानातही नाही. बाबा जाऊन सात वर्षं झाली, त्यांच्या दिवसांतही मला तो शब्द आठवला नव्हता. मग त्या दिवशी तो आला कुठून? समोर धान्यासारखा ढीग होता म्हणून हाताला जुनी सवय आठवली, की मला एक हा शब्द सापडलाच नाही आणि त्याच्या जागी जे मिळालं ते तोंडात आलं? मी त्या क्षणाकडे परत परत जाते, आत काय झालं ते आठवायचा प्रयत्न करते आणि मला काही म्हणजे काही कळत नाही. डॉक्टरांनी ते खोडलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला होता. आता वाटतं, खोडलं ते खोडायचं होतं का? रोगाला रीत समजून आम्ही तिघं हसलो तर नाही ना? की साध्या रितीला मीच रोग समजून जीव जाळते आहे? या प्रश्नाने माझी भूक गेली आहे.

यापुढचं नीट ऐक. डॉक्टरांनी दुसऱ्या खेपेला आम्हाला आत बोलावून सरळ सांगितलं. माणसाच्या डोक्यात आकडे, अक्षरं, डावंउजवं जिथं राहतं, नेमकी त्याच जागेला गाठ चिकटली आहे. सगळी खरवडून काढली तर ती परत येणार नाही, पण आकडे जाण्याची धास्ती मोठी. चिकटलेला भाग तसाच ठेवला तर आकडे राहतील, पण ती पुन्हा वाढणार. दोन वर्षांनी की दहा वर्षांनी ते कुणी सांगू शकत नाही, आणि त्या वेळचं ऑपरेशन याहून अवघड. काय करायचं ते तुम्हीच ठरवा म्हणाले. मी विचारलं, आत्ता माझं कितपत गेलंय? ते म्हणाले, तपासणीत तर तुम्ही चांगल्या आहात. चांगल्या! शंभरातून सात आणि एक खोडलेली ओळ, यावरून.

घरी आल्यावर रामकिसनराव म्हणाले, ‘आकडे गेले तर जाऊ दे, तू राह्यली पाह्यजे. हिशोब मी करीन की.’ मी त्यांच्या अंगावर ओरडले. मग रडले. त्यांचं काय चुकलं? आम्हाला मूलबाळ नाही, तुझ्या भावाकडून कळलंच असेल, दोघंच एकमेकांना. त्यांना बायको पाहिजे. पण आकडे गेल्यावर जी उठून बसेल ती मीच असेन का, हे त्यांना कसं विचारू? घरात वावरेल, स्वयंपाक करील, ओळख दाखवील, आणि पत्र्यावरची संख्या समोर धरली तर तिला नुसत्या रेघोट्या दिसतील. तिला दुःखही होणार नाही, कारण काय गेलं ते तिला माहीतच नसेल. मला त्या बाईची भीती वाटते. मरणाहून मोठी भीती म्हणाले ती ही.

आता मला स्वतःला तपासायचंय आणि तेच जमत नाही. ज्या तराजूवर संशय आहे त्याच तराजूने त्याला कसं जोखायचं? दुकानातला कॅल्क्युलेटर आणून बघितला. पण दाबते मी, वाचतेही मीच. अंकांनी जागा बदलल्या तरी मला दोन्ही सारखे दिसणार, हे फळ्यापाशी कळलंच आहे. रामकिसनरावांना कागद दाखवला तर ते बघायच्या आधीच म्हणतात, बिलकुल बराबर. एकदा मुद्दाम सात नव्वे त्रेसष्टच्या जागी छप्पन्न लिहून दाखवलं. खतबियाण्यांचं दुकान चालवणारा माणूस, त्याला कळलं नसेल होय? माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, बराबर हाय. त्यांचे डोळे भरले होते. शाळेतल्या बायकांचंही तेच. सगळी माणसं इतकी चांगली वागायला लागली आहेत की मला कुणाचंच खरं वाटत नाही.

तेव्हा तू आठवलीस. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत वार रविवार छापला होता आणि तारीख सोमवारची. घरच्यांनी वाचली, पाहुण्यांनी वाचली, भटजींनी वाचली. तू पहिल्या गाडीने आलीस आणि मांडवाच्या खांबापाशी उभी राहून सगळ्यांदेखत म्हणालीस, ‘बाबा, वार चुकलाय.’ बाबा केवढे संतापले, शुभकार्यात या पोरीच्या जिभेला हाड नाही म्हणाले. आणि अर्धं वऱ्हाड रविवारीच दारात येऊन बसलं! जेवणावळी दोनदा उठल्या. मी शालूत बसून तोंडाला पदर लावून हसत होते. तुझी ती सवय गेली नसेल ना? परभणीत तूही गणितच शिकवतेस म्हणून कळलं, तेव्हा गेली नसणार. इतक्या वर्षांत आपण भेटलो नाही, तू रागावून गेली नव्हतीस, मीही नाही, नुसतं राहून गेलं. आता वाटतं, तू माझ्यावर दया करायला शिकली नाहीस तेच बरं झालं.

मला आणखी एक धास्ती लागली होती. संख्येबद्दल मी जे म्हणते ते सगळं मला पाठच आहे, शंभरातून सातासारखं. पाठांतर शाबूत आणि गणित गेलेलं, असंही असू शकतं. म्हणून आत्ता, हे लिहिता लिहिता, सतराने भागून बघितलं. सतराची बाकी मला पाठ नव्हती. हातचे घेत, घाम पुसत पुसत गेले. बाकी दहा आली. बरोबर असावी असं वाटतं, पण वाटण्याला आता काय अर्थ आहे? भीती अगदी अनावर झाली की मी डोळे मिटून आपल्या संख्येकडे जाते. आत्ताही गेले. एकशे सत्तावीस गुणिले ९२७१. बराबर. एवढं तरी जागच्या जागी आहे, सलमा, एवढ्याला अजून कुणाचा हात लागलेला नाही.

आता सांगते पत्र कशासाठी. मी तुला पेपर पाठवला आहे. वर जेवढे आकडे आहेत ते सगळे मी पुस्तक न उघडता, यंत्र न घेता, कुणाला न दाखवता लिहिले आहेत. डॉक्टरांना सोमवारी सांगायचं आहे, सगळी काढा की थोडी ठेवा. माझं मी ठरवलं आहे की आकडे शाबूत असतील तर थोडी ठेवा म्हणेन आणि जितकी वर्षं मिळतील तितकी या अशाच डोक्याने जगेन. आणि ते आधीच गेले असतील तर सगळी काढा म्हणेन, मग राखायचं कशासाठी? रामकिसनरावांना बायको तरी राहील. एवढंच ठरवता आलं. यातलं खरं कुठलं, ते मात्र मला इथून दिसत नाही, ते तुला दिसेल. लाल पेन घेऊन बस आणि मैत्रीण म्हणून वाचू नकोस, पत्र्यापाशी उभी राहायचीस तशी वाच. सोमवारच्या आत दुकानावर फोन कर, नंबर पाकिटाच्या मागे आहे, तो रामकिसनरावांकडून लिहून घेतलाय. त्यांना ‘ठेव’ किंवा ‘काढ’ एवढाच निरोप दे, अर्थ त्यांना कळायची गरज नाही. आणि ‘काढ’ म्हणायची वेळ आलीच, तर चूक कुठं आहे ते सांगू नकोस. सांगितलंस तरी ती मला दिसायची नाही.

तुझीच,
बेबी